शरीरशास्त्राचा अर्ज

सन त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात हिवरदरीत दिवसा घरी कुणी भेटत नसे. ज्याला हातपाय होते तो पाझर तलावाच्या कामावर होता. आदल्या साली पाऊस आलाच नाही, त्याच्या आधीच्या साली आला न आल्यासारखा. त्यामुळे वावरवाला असो की बिनवावराचा, सरकारनं सगळ्यांच्या डोक्यावर एकच घमेलं ठेवलं होतं. बौद्धवाड्यातला भिवा म्हणायचा, आपल्याला यात नवं काहीच नाही, आपण जन्मभर दुसऱ्याचीच माती उचलली, आता ती किती जड असते ते गावालाही कळतंय. हे तो मुकादमाला ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा. तसा तो तोंडाचा तिखट नव्हता. तीन वर्षांपूर्वी एकदा तोंड उघडलं आणि फळ मिळालं, तेव्हापासून त्याला बोलायची चटक लागली होती.

भिवा टिकाव मारायचा. बायको गिरिजाबाई फावड्यानं माती ओढून घमेली भरायची आणि मुलगी सत्यशीला ती उचलून बांधावर नेऊन ओतायची. खड्ड्यातून बांधाच्या माथ्यापर्यंत सत्तर पावलं, त्यातली शेवटची वीस उभ्या चढाची. सत्यशीलेनं मार्चात मॅट्रिकची परीक्षा दिली आणि शेवटचा पेपर झाल्याच्या तिसऱ्या दिवशी ती कामावर आली. पहिल्या आठवड्यात तिची मान आखडली. दुसऱ्या आठवड्यात चुंबळीखालचे केस झडायला लागले. गिरिजाबाई रोज दिवेलागणीला त्या जागेवर करडीचं तेल चोळायची आणि म्हणायची, एवढा निकाल लागू दे, मग या पोरीच्या डोक्यावर मी पदरसुद्धा जड ठेवणार नाही.

निकाल लागला की काय करायचं ते घरात पक्कं ठरलेलं होतं. ते ठरवलं होतं अण्णासाहेब कंपाउंडरनं. सत्यशीला सातवीत असताना गिरिजाबाईला महिनाभर ताप येत होता आणि पोर रिकामी बाटली घेऊन दवाखान्यात जायची. अण्णासाहेब मोठ्या बरणीतलं लाल औषध बाटलीत ओतायचा आणि किती डोस ते कळावं म्हणून कागदाची पट्टी कातरून बाटलीला चिकटवायचा. एके दिवशी त्याचा हात मोकळा नव्हता, तर पट्टी सत्यशीलेनं कातरली. खाचा इतक्या सारख्या पडल्या की अण्णासाहेबानं त्या दिवशीच्या सगळ्या बाटल्यांच्या पट्ट्या तिच्याकडून करून घेतल्या. भिवा न्यायला आला तेव्हा तो त्याला म्हणाला, हिला थांबवू नकोस. आधी मॅट्रिक, मग जालन्याला कॉलेजात सायन्स, मग औरंगाबादेस फार्मसी, म्हणजे औषधं बनवायची शाळा. मग सरकारी दवाखान्यात खुर्ची, टेबल, अंगात पांढरा कोट, आणि पाटील असो की पाटलाचा बाप, बाटली घेऊन हिच्यापुढं उभा राहणार.

भिवानं ते पाठ करून टाकलं. मॅट्रिक, सायन्स, फार्मसी, खुर्ची. अण्णासाहेब पुढं वर्षभरात बदलून गेला, पण त्याचे ते चार शब्द भिवाच्या घरात राहिले. रानात खुरपताना, कुणाचं घर शाकारताना, आणि आता टिकाव मारताना तो ते मनात म्हणायचा. लोक विचारायचे, पोरगी किती शिकवणार. भिवा चारही पायऱ्या सांगायचा आणि वर आपल्या पराक्रमाची गोष्ट जोडायचा. ती गोष्ट बौद्धवाड्यात ऐकली नाही असा माणूस नव्हता, तरी दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली भाकरी सोडल्या की कुणीतरी त्याला छेडायचंच.

"भिवा, हेडमास्तरला कसा वाकवला ते सांग ना."

आणि भिवा सांगायचा. सत्यशीला नववीत गेली ते साल. शाळेत विषय निवडायचे होते आणि कोणाला कोणता विषय त्याची यादी भिंतीला लावली होती. भिवा रात्रशाळेत अक्षरं जुळवायला शिकलेला. त्यानं यादीवर बोट ठेवून वाचलं. एकीकडं शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि साधं अंकगणित, त्याखाली गावातल्या पाचही मुली, पाटलाची कांता धरून. दुसरीकडं पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि बीजगणित-भूमिती, तिथं सगळी पोरं आणि त्यांच्या बुडाशी एकटी सत्यशीला. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, यात तारा, भिंगं आणि कसल्या कसल्या नळ्या असतात. आणि शरीरशास्त्रात काय असतं, तर शिपायानं कोपऱ्यातला नकाशा उलगडून दाखवला. सोललेल्या माणसाचं चित्र, आत काळीज, फुप्फुस, आतड्याची वेटोळी, हाडन्‌हाड मोजून घ्यावं.

भिवाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दवाखान्याची विद्या गावातल्या मुलींना, ज्या दोन वर्षांत लग्न होऊन जाणार. आणि जिला खरंच दवाखान्यात जायचंय तिला तारा आणि भिंगं. असंच चालत आलं होतं. याच शाळेत त्याच्या थोरल्या पोराला वर्ग झाडायला लावला होता, आणि तो शाळा सोडून पुण्याकडं विटा पाडायला निघून गेला. याच शाळेनं सरकारची फुकट पुस्तकं बौद्धवाड्यात वाटली ती पानं फाटलेली. भिवा तेव्हा गप्प बसला होता. या वेळी बसला नाही. धोतराचा सोगा सावरून तो सरळ हापिसात शिरला.

"म्या म्हनलं, सायेब, आमच्या पोरीनं काय पाप केलं? तिला शरीरशास्त्र का न्हाई? आत्ताच्या आत्ता लावा, न्हाई तर मी औरंगाबादला अर्ज करतो." भिवा हे सांगताना भाकरीचा हात वर करायचा. "लई वेळ बघत राह्यला माझ्याकडं. मंग म्हनला, लेखी दे. म्या लेखी देलं. सही केली. माझ्यासमोर तिचं नाव खोडलं अन् इकडं लिवलं."

बायका कौतुकानं सत्यशीलेकडं बघायच्या. ती तेवढ्यात पाणी प्यायला उठलेली असायची. बापानं आपलं कौतुक चारचौघात केलं की पोरीला लाजल्यासारखं होतं, असं भिवाला वाटे, आणि त्याला ते आवडे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आला. हिवरदरीच्या हायस्कुलातून सत्तावीस जण बसले होते, नऊ पास झाले. सत्यशीला दुसरी आली आणि शरीरशास्त्रात शंभरात एक्क्याऐंशी, शाळेत पहिली. शिपाई कामावर येऊन सांगून गेला. भिवानं टिकाव तिथंच रोवला, खड्ड्यातून वर आला आणि काय करावं ते न सुचून मुकादमाच्या पाया पडला. मुकादम पाटलाचाच भाऊबंद, तो दोन पावलं मागं सरला, पण बरं झालं म्हणाला. गिरिजाबाई फावड्यावर हात टेकून रडली. सत्यशीला तेवढी भरलेलं घमेलं घेऊन चढावर होती. तिनं ते माथ्यावर नेऊन ओतलं आणि मगच खाली आली.

जालन्याला जायच्या दिवशी तिनं आईचं एकुलतं एक धडकं पातळ नेसलं. डोक्यावरचा विरळ भाग झाकावा म्हणून भांग बाजूला पाडला. दोघं झुंजुमुंजूला निघाले, चार कोस चालत कुंभार पिंपळगावला आले, तिथून एस्टी. भिवा गाडीत शेजारच्या माणसाला चारही पायऱ्या सांगत होता. त्या माणसानं चांगलंय चांगलंय म्हणून मान हलवली आणि झोपला. मग भिवा पोरीला म्हणाला, खोली घ्यायची की वसतिगृहात राहायचं ते आज विचारून ठेवू. ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती उघडी काळी रानं आणि जागोजाग बांधावर माणसांच्या रांगा.

कॉलेजच्या खिडकीशी मोठी गर्दी. पोरांच्या अंगात इस्त्रीच्या पँटी, सोबत त्यांचे चुलते, मामे. भिवा पोरीला पुढं धरून दोन तास उभा राहिला. कुणी मधे घुसलं तर तो हात जोडून म्हणायचा, भाऊ, आमी लांबून आलोत. खिडकीतला कारकून मध्यमवयीन, कपाळाला घाम, पण चेहऱ्यानं भला. त्यानं गुणपत्रिका घेतली, वर बघून हसला.

"छान मार्क आहेत. आर्ट्स का?"

"सायन्स," भिवा म्हणाला. "सायन्स, मंग फार्मसी."

कारकुनानं गुणपत्रिकेवर पुन्हा बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं. मग त्यानं भिवाकडं न बघता सत्यशीलेकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं की फिजिक्स-केमिस्ट्री का घेतलं नाही. तिनं बापाकडं बघितलं. तेव्हा त्यानं भिवाला समजावून सांगितलं. मॅट्रिकला पदार्थविज्ञान-रसायन आणि बीजगणित-भूमिती असल्याशिवाय सायन्सला घेता येत नाही. हिचं शरीरशास्त्र आणि साधं अंकगणित आहे. हे विषय पुढं कॉलेजात जायचं नसलेल्या मुली घेतात, सोपे म्हणून. आर्ट्सला आज या घटकेला प्रवेश देतो.

भिवाला वाटलं, याचं वाचायचं चुकलं. तो खिडकीत वाकला.

"सायेब, शरीरशास्त्रात एक्क्याऐंशी हायेत. शाळंत पहिली हाये. औषद शरीरालाच द्याचं ना? तारंला थोडंच द्याचंय?"

मागं रांगेत हशा पिकला. एक जण म्हणाला, बाबा बराबर बोलून राह्यला. पुन्हा हसले. कारकून हसला नाही. त्यानं गुणपत्रिकेची घडी घातली आणि ती सत्यशीलेच्या हातात दिली, आणि म्हणाला की औषध रसायनाचं होतं, बाबा, नियम माझा नाही. भिवा तरी हलेना. औरंगाबादेस विचारता येईल का, हात जोडले तर होईल का, परीक्षा घेऊन बघा, पोरीला काय येत नाही ते विचारा. शेवटी सत्यशीलेनं त्याचा दंड धरला आणि त्याला रांगेबाहेर काढलं. मोठ्या माणसाला असं दंडाला धरून आपल्या लेकीनं बाजूला न्यावं, याची लाज त्याला पुढं कितीतरी दिवस त्या दंडात जाणवत राहिली.

परतीच्या एस्टीत तो हेडमास्तराला शिव्या देत होता. त्यानं दावा साधला. त्याला माहीत होतं, तरी लिहून घेतलं. सांगितलं नाही. चौथ्या-पाचव्या वेळी तेच म्हणताना त्याचा स्वर चिरकला. सत्यशीलेनं पातळाच्या पदरात बांधून आणलेली भाकरी सोडली, अर्धी त्याच्या हातात दिली. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण नवल नव्हतं. हे भिवानं पाहिलं, आणि त्या वेळी त्याचा अर्थ त्याला लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही, शाळेत गेला. हेडमास्तर नव्या वर्षाचं वेळापत्रक आखत बसले होते. भिवानं या वेळी सोगा सावरला नाही, की आवाज चढवला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, तुम्ही मला सांगायचं होतं. मी अडाणी, तुम्ही तरी सांगायचं.

हेडमास्तरांनी पट्टी खाली ठेवली. "काय सांगायला हवं होतं? तू औरंगाबादला अर्ज करतो म्हणालास. मी म्हटलं असतं की हा विषय तुझ्या मुलीच्या कामाचा नाही, तर तू ऐकलं असतंस? उलट म्हणाला असतास, बघा, आमच्या पोरीला अडवतात." त्यांनी पट्टी पुन्हा वेळापत्रकावर ठेवली. "मी तुला विचारलं होतं, नक्की का. आणि म्हणालो होतो, नंतर म्हणू नको."

ते खरं होतं. भिवाला तो प्रश्न आता आठवला. गोष्ट सांगताना तो नेहमी गाळायचा, कारण त्यात मजा नव्हती. पण प्रश्न विचारताना हेडमास्तरांच्या ओठाच्या कोपऱ्यात जे बारीक हसू आलं होतं, तेही आठवलं. ते त्याला त्या दिवशी हरलेल्या माणसाचं हसू वाटलं होतं.

"आता काही होत असंल तर सांगा," भिवा म्हणाला.

होत होतं. तिला पुन्हा नववीत बसवायचं. नववी, दहावी, अकरावी, तीन वर्षं, पुन्हा मॅट्रिक. शाळेची हरकत नाही, फक्त पालकाचा अर्ज लागेल. हेडमास्तरांनी कोरा कागद पुढं केला. भिवानं तो घेतला नाही. पोरीला विचारतो म्हणाला आणि निघाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की पोरीला विचारावं.

तलावावर पोचला तेव्हा ऊन माथ्यावर होतं. त्याच्या जागी गिरिजाबाईच टिकाव मारत होती. तिला धड मारता येत नव्हता, टिकाव वाकडा पडायचा आणि ढेकूळ तिच्याच नडगीवर उडायचं. सत्यशीला खाली बसून हातांनी माती घमेल्यात ओढत होती. भिवानं बायकोच्या हातातून टिकाव घेतला, पण मारला नाही. खड्ड्याच्या काठावर बसला आणि पोरीला सगळं सांगितलं. तीन वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातात. लोक हसले तर हसू दे. मी टिकाव मारीन, तुझी आई मारील. तू फक्त बस.

"चौदा वर्साच्या पोरांत?" गिरिजाबाई म्हणाली. "सतरा संपून राह्यले तिला. अन् सोयरे काय म्हनतीन?"

"सोयऱ्याला घाल चुलीत. त्या हेडमास्तरनं माझ्या पोरीचं वाटुळं केलं. त्यानंच आधी तिचं नाव पोरांत टाकलं, त्यानंच मला लिवून मागितलं. दोन्ही बाजूनं त्यानंच..."

"त्यानं न्हाई टाकलं," सत्यशीला म्हणाली.

ती घमेल्यातली माती सारखी करत होती. वर बघितलं नाही.

"काय?"

"नाव. पोरांच्या यादीत. हेडमास्तरनं न्हाई टाकलं, बा. मीच लिवून देल्तं. सायन्सच्या सरांनी वर्गात सांगितल्तं, ज्याला फुडं डाक्टर व्हायचं, कंपाउंडर व्हायचं, त्यानं हेच घ्यायचं. पोरींत मी एकटीनंच घेतल्तं. सर म्हनले, शाब्बास."

आजूबाजूला टिकाव पडत होते.

"मंग बोलली का न्हाईस?"

चुंबळ हातात घेऊन ती पिळत राहिली.

"मी घरी सांगनारच होते. पन तुमी त्या दिशी शाळंतून आले तवा हसत आल्ते. आईला म्हनले, आज म्या तोंड उघडलं अन् त्यायनं ऐकलं. सगळा वाडा गोळा झाल्ता. काकानं तुमाला खांद्यावर उचललं. मी कशी बोलू?" तिनं चुंबळ पुन्हा वळली. "मंग वाटलं, तुमी इचारूनच केलं आसंल. मंग वाटलं, लई मार्क पडले तर घेतीन. मनून लई अभ्यास केला."

भिवाचे ओठ हलले. तीन वर्षं, दर चार दिवसाला, हिच्यासमोर. भाकरीचा हात वर करून. आणि ही पाणी प्यायला उठायची. हेडमास्तराला शिव्या द्यायच्या म्हटलं तरी आता जीभ वळेना. गावानं त्याचं पुष्कळ काही हिसकलं होतं, त्या सगळ्याची त्याच्याकडं यादी होती. हे कोणत्या यादीत घालायचं ते त्याला कळेना.

मग तो म्हणाला, "अर्ज करतो बाई. आत्ता जाऊन करतो. नववीत बस."

"नगं, बा."

"माझी चूक झाली. मला भरून काढू दे."

"चूक न्हाई झाली," सत्यशीला म्हणाली. ती आता त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर भिवाला बरं वाटलं असतं. "पन आता माझ्यासाठी कुठं अर्ज करू नका. कुनापाशी काई बोलू नका. मला जे करायचं ते मी बघीन, न्हाई जमलं तर न्हाई जमलं. तुमी बोलू नका."

मुकादम बांधावरून ओरडला, भिवाच्या खड्ड्यात आज बसून राहायचं काम चाललंय का. शेजारच्या खड्ड्यातून कुणीतरी हसत विचारलं, काय भिवा, जालन्याचा साहेबही वाकवला काय, सांग की. भिवानं तिकडं बघितलं. तोंड उघडलं, आणि मिटलं.

सत्यशीलेनं चुंबळ डोक्यावर ठेवली, आईनं एका बाजूनं हात दिला, घमेलं वर गेलं. ती चढाकडं चालू लागली. भिवा उठला, टिकाव उचलला आणि न बोलता जमिनीवर मारायला लागला. जमीन तिथं मुरमाड होती आणि दर घावाला थोडीथोडीच निघत होती.